जुनं लाकूड

२९ एप्रिल

साकव पाहिला. फोटोत वाटला त्याहून अरुंद आहे. समोरून कोणी आलं तर एकाला कठड्याला चिकटून उभं राहावं लागतं. वरचं कौलारू छप्पर इतकं खाली आहे की उंच माणसाला मान वाकवूनच जावं लागतं. आत शिरलं की गार वाटतं. ओहोळात आत्ता पाणी थोडंच आहे, तरी त्याचा आवाज छपराला लागून परत येतो. मी मधोमध बराच वेळ उभी होते. मागून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली आणि काही न बोलता मी सरकायची वाट बघत थांबली. माझ्या लक्षात उशिरा आलं.

नाशिकच्या आमच्या वारसा मंडळाने मला पावसाळ्यापर्यंत इथे ठेवलंय. साकवाची मापं, फोटो, माणसांनी सांगितलेली माहिती, असा अहवाल करायचा. मग सरकारी पाहणी होईल आणि पटलं तर साकव संरक्षित होईल. एकदा संरक्षित झाला की त्याला कोणी पाडू शकणार नाही. माझं काम पसंत पडलं तर मंडळ मला कायम करणार आहे.

घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे मी नेमकं काय करते हे आईला अजून नीट सांगता येत नाही. सिन्नरला तिच्यासोबत विड्या वळणाऱ्या बायकांना तिने सांगून ठेवलंय, चैताली पेठकडे पूल बांधायला गेली. आज फोनवर म्हटलं, "बांधायला नाही गं, वाचवायला."

"का, पडतोय का?"

"नाही. चांगला भक्कम आहे."

"मग?"

तेवढ्यात रेंज गेली.

१ मे

राहायची सोय खैरपाड्यात, धनराजदादांच्या घरी आहे. पाडा ओहोळाच्या पलीकडे. डांबरी रस्ता अलीकडेच संपतो, तिथे मोहाच्या झाडाखाली धनराजदादांची जीप उभी असते. ते पेठपर्यंत सीट मारतात, म्हणजे माणशी भाडं घेऊन ने-आण करतात. त्यांच्या बायकोला मी मीनावहिनी म्हणते. ती माझ्याच वयाची आहे, सहावा महिना चालू आहे, पण दिवसभर एका जागी बसलेली मी पाहिली नाही.

धनराजदादांचे चुलते पुंजाबाबा. पाड्यात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी आज साकव दाखवला. दरवर्षी होळीनंतर सगळी घरं मिळून त्याची डागडुजी करतात. काठीने प्रत्येक फळी ठोकायची, बद्द आवाज आला की ती काढायची आणि नवी बसवायची. खांबही असेच बदलत आलेत.

"मग सगळ्यात जुनं काय आहे यातलं?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "नाव," म्हणाले.

"आणि जुन्या फळ्या कुठे जातात?"

"चुलीत. नायतर गोठ्यात."

साकवाला छप्पर का घातलं असावं यावर मी वाटेत बरेच तर्क लिहून ठेवले होते. विश्रांतीची जागा, दोन पाड्यांची बैठक, एखादा विधी. पुंजाबाबा म्हणाले, "लाकूड भिजलं का कुजतं, म्हून."

४ मे

अंगणवाडीत बैठक घेतली. बरीच माणसं आली. मी आधी लिहून काढलेलं न वाचता बोलले. हा साकव तुमच्या आजोबा-पणजोबांची कला आहे, तुम्ही रोज त्याच्यावरून जाता म्हणून तुम्हाला त्याची किंमत वाटत नाही, बाहेरच्यांना वाटते, वगैरे.

इथेच सिमेंटचा पूल व्हावा असा जुना प्रस्ताव पंचायत समितीत पडून आहे. साकव संरक्षित झाला की तो प्रस्ताव मागे पडेल, हेही मी स्पष्ट सांगितलं. लपवून काम करायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे.

पुंजाबाबांनी विचारलं, "मंग गाडी कुठून यायची?"

"खाली दुसरी जागा बघता येईल."

"खाली समदं फॉरेष्ट हाय," धनराजदादा म्हणाले. "तिथं खड्डा खांदायचा तर दिल्लीची सही लागती."

"प्रयत्न तर करू. मी पाठपुरावा करीन."

"बरं," पुंजाबाबा म्हणाले. मग सगळेच म्हणाले, बरं. एकानेही विरोध केला नाही. मीनावहिनीने कोरा चहा दिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार सोपं गेलं.

७ मे

सकाळी मंगलाबाई नावाच्या आजींना ताप चढून शुद्ध हरपली. चादरीची झोळी करून बांबूला बांधली आणि चौघांनी जीपपर्यंत नेली. साकवातून जाताना बांबू छपराच्या वाशांना अडतो. म्हणून तिथे झोळी खाली उतरवावी लागते आणि चौघे जण वाकून, चादरीचे कोपरे धरून, आजींना फळ्यांवरून जवळजवळ घासत नेतात. पलीकडे गेलं की परत बांबू. सगळ्यांना त्याची सवय दिसली. कोण कुठे धरणार हे कोणी कोणाला सांगत नव्हतं.

मी फोटो घेतला. 'आजही वापरात असलेला वारसा' असं त्याखाली लिहिता येईल. नंतर तो पुसून टाकावा असं वाटलं, पण टाकला नाही.

मीनावहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात पोटावर होता. मी म्हटलं, आजी बऱ्या होतील. ती म्हणाली, "व्हतील. हा उन्हाळा हाय."

१२ मे

मंडळातल्या मॅडमचा फोन आला. माझा पहिला अहवाल त्यांनी वाचला. भाषा चांगली आहे म्हणाल्या, पण काम फसणार.

"तू लिहिलंयस, फळ्या उत्तम स्थितीत. चैताली, उत्तम म्हणजे नव्या. पाहणीला येणारे मूळ लाकूड शोधतात. दहा-बारा वर्षांचा सागवान दाखवून वारसा कसा सिद्ध करणार?"

मला रडू आलं, पण मी फोनवर रडले नाही. दुपारी पुन्हा अंगणवाडीत सगळ्यांना बोलावलं आणि खरं ते सांगून टाकलं. २३ तारखेला साहेब येणार आहेत, त्यांना जुनं लाकूड दिसायला हवं, नवं दिसलं तर सगळं वाया जाईल.

आजवर गप्प बसणारी माणसं आज पहिल्यांदाच एकमेकांशी बोलायला लागली. धनराजदादांनी तर प्रश्नच विचारले.

"म्हंजे जुनं दिसलं का काम व्हईल?"

"होईल."

"आन् लय जुनं असलं तर?"

"मग तर फारच चांगलं."

"साहेब चालून बघंल का लांबून?"

"चालून. प्रत्येक फळी बघतील."

त्यांनी पुंजाबाबांकडे पाहिलं. पुंजाबाबा दाराबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पोरगी यवढं म्हणती तर करू."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

१८ मे

आज श्रमदान झालं. पाड्यातली सगळी घरं आली होती, बायकासुद्धा. इतका उत्साह मी कॉलेजच्या शिबिरातही पाहिला नव्हता. जुन्या फळ्या लोकांनी घरोघर जपून ठेवल्या होत्या म्हणे. कोणी गोठ्यातून आणल्या, कोणी माळ्यावरून. नव्या काढून त्या जागी या बसवल्या. काळ्या पडलेल्या, कडा खाल्लेल्या, मधेच भुगा सुटणाऱ्या. एका फळीला लोखंडी कडी आहे. पूर्वी साकवावर जनावरं बांधत असावेत.

काही फळ्यांना शेणाचा वास येतो.

मधल्या जागेखाली धनराजदादांनी आडवे बांबू बांधून घेतले. मजबुतीसाठी का, असं विचारलं तर म्हणाले, "हां, मजबुतीच." ते आणि त्यांचे मित्र यावर खूप हसले. दमलेली माणसं कशावरही हसतात.

पुंजाबाबांनी कशालाही हात लावला नाही. ते अलीकडे मोहाखाली साकवाकडे पाठ करून बसले होते. बरं नसेल. मी जवळ जाऊन विचारलं, "बाबा, या खरंच मूळच्या फळ्या आहेत ना?"

"लाकूड जुनं हाय, पोरी," ते म्हणाले. "त्यात खोटं नाय."

मला याहून जास्त विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर जे उत्तर मिळालं असतं ते अहवालात लिहावं लागलं असतं. हे मी इथे लिहिते आहे कारण ही वही दुसरं कोणी वाचणार नाही. मनाला समजावलं की फळी त्याच साकवावर परत बसली की ती मूळचीच झाली. रात्रीपर्यंत ते थोडंफार पटलं.

२३ मे

साहेब आले. मोठे, भारदस्त, बोलायला सभ्य. त्यांनी छपराचं कौतुक केलं. वाशांच्या जोडांना खिळा नाही, लाकडी खुंट्या आहेत, हे मी न सांगता त्यांच्या लक्षात आलं. मला फार आनंद झाला. त्यांनी फळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "अरे वा. हे खरंच जुनं दिसतंय."

पाड्यातल्या लोकांनी त्यांचा किती मान राखला हे सांगायला हवं. त्यांच्यासोबत साकवावर आलेला प्रत्येक माणूस कडेकडेने, खाली तुळई आहे तिथून चालत होता आणि मधली जागा साहेबांना मोकळी ठेवली होती. धनराजदादा मागे मागे चालत सारखं म्हणत होते, "साहेब, मधून या. मधून. तिकडं खुंटी लागंल."

कडी असलेल्या फळीच्या पुढच्या फळीवर साहेबांचा पाय गेला. आवाज फारसा झाला नाही. ते मांडीपर्यंत खाली गेले आणि तिथेच अडकून राहिले. खालच्या बांबूंनी त्यांना तोललं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, जरा आश्चर्याने, जणू मी काहीतरी विचारलं होतं.

धनराजदादा आणि दोघांनी लगेच, अगदी सराईतपणे, त्यांना काखेत धरून वर काढलं. खरचटलं होतं. मीनावहिनी हळद आणि गरम पाणी घेऊन आली. ते आधीच तापवलेलं असावं, कारण ती लगेच आली.

जाताना साहेब मला म्हणाले, "तुमची तळमळ दिसते. पण ह्याच्यावरून माणसं जातात हो."

२७ मे

अंतरिम आदेश आला. साकव वापरास धोकादायक. ये-जा बंद. संरक्षणासाठी अयोग्य. त्या जागी नवा पूल 'तातडीची बाब म्हणून' घ्यावा.

पत्र्याचा लाल फलक घेऊन दोन माणसं आली होती. तो साकवाच्या तोंडाला ठोकला. मी तो ठोकताना पाहिला नाही, घरात बसून होते.

आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे पूल होणार ना? मग रडतेस कशाला? बायकांना काय सांगू मी?"

३१ मे

इतकी वर्षं पडून असलेला प्रस्ताव चार दिवसांत हलला. इंजिनिअर आले, काठ मोजले, खडक बघून गेले. पाड्यातली माणसं माझ्याशी फार चांगलं वागत आहेत. एकीने करवंदं दिली, एकीने नागलीचे पापड. माझं दुःख त्यांना कळतंय असं वाटतं. धनराजदादांनी मला पेठला नेलं आणि सीटचं काही घेतलं नाही.

त्यांनी मनापासून मदत केली आणि त्यांच्याच मदतीने घात झाला, याची त्यांना टोचणी असेल. मी त्यांना दोष देत नाही. जुनं लाकूड हवं हे मीच म्हणाले होते.

३ जून

पेठहून लवकर परत आले. साकवावर सगळा पाडा होता. लाल फलक जागच्या जागी होता आणि त्याच्या पलीकडे पुंजाबाबा वाकून फळी ठोकत होते. सागाची, चांगली, होळीनंतर बसवलेली. बाकीच्या कठड्याला टेकवून रांगेत उभ्या होत्या. शेणाच्या वासाच्या फळ्या बायका डोक्यावर घेऊन गोठ्यांकडे निघाल्या होत्या. कडीची फळी मंगलाबाईंच्या नातवाकडे होती. आजी तापातून उठल्यात, त्या पुढे चालत होत्या आणि म्हणत होत्या, गाय दोन आठवडे मोकळी फिरते आहे.

मला पाहून कोणी दचकलं नाही. धनराजदादांनी हातोडी खाली ठेवली, एवढंच.

मी घरी आले. मीनावहिनी मागून आली आणि चुलीपाशी बसली. मी विचारलं, "तुम्हाला पूल हवा होता तर पहिल्याच दिवशी तसं का सांगितलं नाही?"

"तुमी विचारलंच कवा?"

"मी बैठक घेतली होती."

"बैठकीत तुमी सांगितलं." तिने भाकरी उलटली. "इतक्या लांबून आलेल्या पोरीला तोंडावर नाय कसं म्हणायचं? यडं दिसतं ते."

"आणि तो साहेब? काही झालं असतं तर?"

"म्हून तर बांबू बांधले. यांनी सवता उड्या मारून बघितल्या आधी." तिने दुसरी भाकरी थापायला घेतली. "यवढा जड असंल असं नव्हतं वाटलं."

मी हसले नाही. तिलाही हसवायचं नव्हतं.

"पूल व्हायला दोन वर्षं लागतील, वहिनी. तुमचं बाळंतपण श्रावणात आहे."

"ह्याच्या वक्ताला झोळीच हाय," ती म्हणाली. "पुढच्याच्या वक्ताला बघू. नायतर दुसऱ्या कुणाच्या."

मग तिने मला जेवायला वाढलं. मी जेवले. चिडायचं ठरवलं होतं, पण भूक लागली होती.

६ जून

तीन दिवस विचार केला. मला फसवलं गेलं, हे एक. पण ते एकही वाक्य खोटं बोलले नाहीत, हेही खरं. खोटं कोणी बोललं असेल तर मी, स्वतःशी, १८ तारखेला.

मॅडमना सगळं कळवलं तर फेरपाहणी होऊ शकते. फळ्या पुन्हा चांगल्या आहेत. साकव खरोखर भक्कम आहे, आदेश चुकीच्या आधारावर निघाला आहे. हे सत्य आहे आणि मी सत्याच्या बाजूने आहे. आज दोनदा फोन हातात घेतला.

दुपारी साकवावर जाऊन उभी राहिले. फळ्या ठोकून पाहिल्या. एकही बद्द वाजली नाही.

९ जून

आज साकवावरून पाड्याची ये-जा चालू असताना साहेबांचा फोन आला. मी मीनावहिनीसोबत पाणी घेऊन येत होते. तिचा हंडा मी घेतला होता, तिच्याकडे लहान कळशी. आम्ही मधोमध होतो. मी हंडा खाली ठेवला आणि फोन घेतला.

पाय बरा आहे म्हणाले. मग म्हणाले, "एक शंका आहे, म्हणून आदेश अंतिम करायच्या आधी तुम्हाला विचारतो. तुमचा मे महिन्यातला पहिला अहवाल माझ्यासमोर आहे. त्यात फळ्या उत्तम स्थितीत, असं आहे. दोन-तीन आठवड्यांत लाकूड इतकं कुजत नाही. मी छपराचे जोड विसरलेलो नाही, चैतालीताई. मलाही तो पाडायला आवडणार नाही. काही गडबड असेल तर सांगा, मी फेरपाहणी लावतो."

मी जे मागायला इथे आले होते ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

माझ्या पायाखाली सागाची फळी होती. मीनावहिनी कठड्याला टेकून उभी होती, मागून येणाऱ्यांना जागा करून देत. फोनमधला आवाज तिला ऐकू येत होता. तिने मला काही खुणावलं नाही. ती खाली पाण्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "गडबड नाही सर. माझं चुकलं. मला लाकडातलं काही कळत नाही. वरून रंग बरा दिसला म्हणून मी उत्तम असं लिहिलं."

"तुम्ही ठोकून नाही पाहिलं?"

"नाही सर. तेवढं शिकवलं नव्हतं."

"मग हे असं लेखी द्यावं लागेल. तुमच्या मंडळालाही प्रत जाईल. त्याचा अर्थ तुमच्या लक्षात येतोय ना?"

"हो."

"ठीक आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. माझ्याबद्दल त्यांचं एक मत होतं ते त्यांनी बदललं, एवढंच मला ऐकू आलं.

मी हंडा उचलला. आम्ही घरी आलो. मोरीत कळशी ओतताना मीनावहिनी म्हणाली, "यवढं शिकून सवताला अडाणी लिहून देणार?"

"हो."

"तुमच्या आईला काय सांगणार?"

मी म्हटलं, सांगीन, पूल होतोय. ती खरंच तेवढंच विचारेल.

मग मी बसून ते पत्र लिहिलं. चार ओळींचंच आहे. मीनावहिनीने ते वाचून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं. ऐकून झाल्यावर तिने धनराजदादांना हाक मारली आणि म्हणाली, जीप काढा, ताईंना पोष्टात जायचंय.